मेंढपाळाला विचारलेला जाब

खांद्यावर कोकरू घेतलेला मेंढपाळ ही ख्रिस्ती कलेतल्या सर्वांत जुन्या प्रतिमांपैकी एक. रोममधल्या प्रिस्किलाच्या भुयारी दफनभूमीत ती आहे आणि सीरियातल्या दुरा-युरोपोसच्या तिसऱ्या शतकातल्या बाप्तिस्मागृहातही. आज तिच्याकडे सांत्वनाचे चित्र म्हणून पाहिले जाते, आणि दुःखात असलेल्याला तिच्यातून मिळणारा धीर खराच आहे. पण बायबलमध्ये ही प्रतिमा सत्ताधाऱ्यांना जाब विचारायलाही येते. प्राचीन पश्चिम आशियातले राजे स्वतःला प्रजेचे मेंढपाळ म्हणवत. हम्मुराबीच्या कायद्याच्या प्रस्तावनेतही तसा उल्लेख आहे. ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकात, बाबेलच्या बंदिवासात, यहेज्केल संदेष्ट्याने ही मिरवण्याची पदवी आरोपपत्रात बदलली. तुम्ही चरबी खाता, लोकर पांघरता, पण जखमी मेंढराला पट्टी बांधत नाही, हरवलेल्याला शोधत नाही, म्हणून देव कळप तुमच्या हातून काढून घेईल, असा त्याच्या चौतिसाव्या अध्यायाचा आशय आहे. योहानाच्या शुभवर्तमानातही येशूचे उत्तम मेंढपाळाविषयीचे बोलणे अचानक येत नाही. त्याच्या आधीच्याच अध्यायात येशूने बरे केलेल्या जन्मांध माणसाची धर्मपुढारी उलटतपासणी करतात आणि त्याला हाकलून देतात. लांडगा दिसताच पळणाऱ्या मोलकऱ्याविषयीचे शब्द त्या पुढाऱ्यांच्या समोरच उच्चारले गेले आहेत.

यावर गंभीर आक्षेप असा की, माणसाला मेंढरू म्हटले की त्याची विचारशक्तीच काढून घेतली जाते, आणि चर्चने नेमके तेच केले. या आक्षेपाला इतिहासाचा आधार आहे. मुलांवर लैंगिक अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंना शिक्षा न करता एका धर्मग्रामातून दुसऱ्यात हलवले गेल्याचे उघड झाल्यावर, डिसेंबर २००२ मध्ये बोस्टनचे कार्डिनल बर्नार्ड लॉ यांना आर्चबिशपपद सोडावे लागले. मेंढपाळाची काठी हातात असलेल्यांनी लांडग्याला आसरा दिला होता. पण हा दोष प्रतिमेचा नाही, तिचा अर्धाच भाग शिकवण्याचा आहे. योहानाच्या त्याच अध्यायातली मेंढरे आवाज ओळखतात आणि परक्यामागे न जाता त्याच्यापासून पळतात. आंधळेपणाने कुणाच्याही मागे जा, असे तिथे कुठेच म्हटलेले नाही. उलट जीव देण्याची अट आहे ती मेंढपाळावर.

दुसरा युक्तिवाद अधिक सभ्य भाषेत होतो: प्रकरण चव्हाट्यावर आले तर हजारो भाविकांची श्रद्धा डळमळेल, तेव्हा संस्थेच्या भल्यासाठी गप्प राहावे. लूकच्या दाखल्यातला मेंढपाळ याच्या अगदी उलट वागतो. तो नव्व्याण्णव मेंढरे रानात सोडून एकाच्या शोधात निघतो. हे बेजबाबदारपणाचे वाटेल, पण एकाला सोडून देणाऱ्याच्या हाती उरलेल्या नव्व्याण्णवांपैकी कोण सुरक्षित आहे? संस्थेचे नाव राखण्यासाठी एका मुलाला गप्प बसवणे म्हणजे हा दाखला उलटा वाचणे.

पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये धर्मगुरूंना मेंढरांचा वास अंगाला येईल इतके जवळ राहायला सांगितले, आणि २०१९ मध्ये बिशपांविरुद्धच्या तक्रारींसाठी कार्यपद्धती घालून दिली. तरीही त्या पद्धतीत बिशपांची चौकशी मुख्यतः वरिष्ठ बिशपांकडेच जाते; प्रापंचिकांची मदत घेता येते, पण ती बंधनकारक नाही. ती बंधनकारक झाली पाहिजे, आणि त्या चौकशीत पीडितांच्या विश्वासातली माणसे बसली पाहिजेत.