ध्वनिक्षेपकापुढील विद्यार्थी

मागच्या श्रावणांत आम्ही भोरास एका आप्तांकडे गेलों होतों. बाहेर नीरेच्या खोऱ्यांत पाऊस कोसळत होता, वीज गेलेली होती, आणि माजघरांत त्या घरची धाकटी नात आपल्या आजीला सांगत होती कीं, पदवी हातीं आल्यावर ती नभोवाणीचें काम शिकणार आहे. आजींचें वाती वळणें कांहीं थांबलें नाहीं. "बोलायचंच ना? त्याला शिकायला कशाला जायचं? तूं बोलायला लागल्यापासून थांबली आहेस कुठं!" घरांतील सारीं हंसलीं, आम्हीहि हंसलों. परंतु त्या मुलीला ती थट्टा रुचली नाहीं असें दिसलें, आणि परत येतांना गाडींत आमच्या मनांत तिचाच विषय घोळत राहिला. म्हणून या महिन्याचें हें पान तिच्यासाठीं.

नभोवाणी म्हटली कीं आमच्या वाचकांना १९५३ सालच्या गांधीजयंतीस सुरू झालेलें आकाशवाणीचें पुणें केंद्र आठवेल, किंवा मोटारींतून चित्रपटगीतें ऐकविणाऱ्या व्यापारी वाहिन्या आठवतील. ही मुलगी म्हणते ती नभोवाणी तिसऱ्या प्रकारची. १९९५ च्या फेब्रुवारींत सर्वोच्च न्यायालयानें ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निर्णय दिला. तो देणाऱ्यांत न्यायमूर्ति पी. बी. सावंत होते. पुढें २००२ मध्यें शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्यें सेवाभावी संस्थांना व कृषि विज्ञान केंद्रांना स्वतःचें छोटें केंद्र काढण्याची वाट मोकळी झाली. हीच सामुदायिक नभोवाणी. पुणें विद्यापीठाची 'विद्यावाणी' या जातीची. सातारा जिल्ह्यांत म्हसवड येथें २००८ पासून बोलणारी 'माणदेशी तरंग' हीहि त्याच जातीची.

हिचा पल्ला लहान असतो. प्रक्षेपणशक्ति सामान्यतः शंभर वॉट, मनोरा तीस मीटरांहून उंच नको, असा नियम आहे. तेव्हां सपाटीवर आवाज पोंचावयाचा तो दहाएक किलोमीटर. त्यांतून या लहरी उजेडाप्रमाणें बहुतांशीं सरळ रेषेंत चालणाऱ्या. मावळांतील डोंगराला वळसा घालून पलीकडे उतरणें त्यांना साधत नाहीं. हिरडस मावळांत बोललेलें गुंजण मावळांत ऐकूं जाणें कठीण, आणि तोरण्याच्या पायथ्याशीं वेल्ह्यास (त्या तालुक्याला शासनानें आतां राजगड हें नांव दिलें आहे) लावलेला मनोरा भोरच्या राजवाड्यापर्यंत पोंचेल ही आशा नको. म्हणजे या दोन तालुक्यांना एक केंद्र पुरणार नाहीं, आणि पुण्याहून चार निवेदक आणून बसविल्यानें भागणार नाहीं. खोऱ्याखोऱ्यांतील मुलेंमुलीच तयार झालीं पाहिजेत. शिक्षणाचा प्रश्न येथें सुरू होतो.

तें शिक्षण कसें असूं नये हें आम्हीं त्याच मुलीच्या तोंडून ऐकलें. पुण्यांतील एका शिक्षणवर्गांत ती आठ दिवस जाऊन आली होती. तिच्याबरोबर वेल्ह्याकडचा एक मुलगा होता. भातलावणीच्या दिवसांत चिखलणीला बैल मिळत नाहींत, भाड्याचें यंत्र वेळेवर येत नाहीं, यावर तो पहिल्या दिवशीं असें कांहीं बोलला कीं सारा वर्ग टक लावून ऐकत राहिला. शिक्षकांनीं मात्र त्याला थांबविलें तें 'पानी' या शब्दावर. 'पाणी' म्हण, पुनः म्हण, आणखी एकदां म्हण. चौथ्या दिवशीं तो मुलगा कागदावर लिहून आणलेलें वाचूं लागला. सहाव्या दिवशीं तो आलाच नाहीं.

आम्ही स्वतः शुद्ध उच्चाराचे अभिमानी आहों. 'न' आणि 'ण' यांची गल्लत कानाला खुपते हें कबूल करावयास आम्हांला संकोच वाटत नाहीं. पण शासनाच्या धोरणांतच सांगितलें आहे कीं, कार्यक्रम शक्यतों स्थानिक भाषेंत व बोलींत असावे, आणि निदान अर्धा भाग तेथील लोकांच्या सहभागानें तयार झालेला असावा. त्या मुलाचें 'पानी' हा दोष धरला तर केंद्र काढावयाचें तें कोणासाठीं? तेलंगणांत जहीराबादेजवळ 'संघम् रेडिओ' २००८ च्या ऑक्टोबरपासून दलित शेतकरी स्त्रिया चालवितात, आणि त्या बोलतात ती तेलुगु त्यांच्या शेतावरची. आमच्या घराघरांतून कामाला येणाऱ्या बाईच्या बोलण्याची नक्कल करून मुलें हंसतात आणि वडील मंडळी तें कौतुकानें पाहतात. त्या शिक्षकांना आम्ही काय म्हणून दोष द्यावा? त्यांचें शिक्षण आमच्याच ओसरीवर झालेलें आहे.

मग शिकवावयाचें काय? ध्वनिक्षेपकापासून वीतभर दूर बसावें, तोंड किंचित् बाजूस धरावें, नाहींतर 'फ' आणि 'भ' फुटतात. खोली घुमत असेल तर भिंतीला गोधड्या टांगाव्या. ध्वनिमुद्रण कापतांना माणसाचा श्वास कापूं नये. या गोष्टी महिन्याभरांत येतात. ऐकणें शिकावयास अधिक काळ लागतो. १९५६ सालीं पुणें केंद्रानें युनेस्कोच्या साहाय्यानें एक प्रयोग केला होता. पुणें, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या जिल्ह्यांतील सुमारें दीडशे खेड्यांत श्रोतृमंडळें बसविलीं. आठवड्यांतून दोनदां याप्रमाणें वीस कार्यक्रम झाले. गांवकऱ्यांनीं एकत्र बसून ऐकावें, आपसांत चर्चा करावी, शंका केंद्राकडे पाठवाव्या आणि त्यांचीं उत्तरें पुढच्या कार्यक्रमांत मिळावीं, अशी ती योजना. टाटा समाजविज्ञान संस्थेनें त्याची पाहणी केली, आणि पॉल नॉयराथ व जगदीशचंद्र माथुर यांचें त्यावरील पुस्तक १९५९ मध्यें युनेस्कोनें काढलें. आजच्या शिक्षणवर्गांत मुलांना बोलण्याचे धडे पुष्कळ मिळतात. श्रोत्यांच्या शंका वाचण्याचा तास कोणी ठेवील तर तो पहिला ठेवावा असें आम्हांस वाटतें.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. मुंबईहून बोललेल्या आवाजाला नांव नसतें. दहा किलोमीटरांच्या मुलुखांत मात्र प्रत्येक आवाज कोणाच्या तरी सुनेचा, कोणाच्या तरी भावाचा असतो. एखादी बाई सासरचा जाच सांगूं लागली आणि विद्यार्थ्यानें उदार होऊन तिचें नांव गाळलें, तरी तिन्हीसांजेला सारें गांव तिला ओळखतें. प्रक्षेपित झालेला कार्यक्रम तीन महिने जपून ठेवावा हा सरकारी नियमच आहे. पण तो प्रक्षेपित होण्यापूर्वीं त्या बाईला परत ऐकवावा, आणि ती नको म्हणाली तर पुसून टाकावा, हें विद्यार्थ्याला शिकवावें लागतें. अठरा वर्षांखालील मुलाच्या बाबतींत आईबापांची संमति घ्यावी. याच्या उलट, जेथें नांव देणें हाच मान आहे तेथें तें गाळूं नये. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनीं जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, त्या गाणारीच्या नांवगांवासह. आमच्या विद्यार्थ्यांनीं म्हातारीची ओवी 'लोकगीत' म्हणून खपवूं नये.

आतां पैशाचें. येथेंच घोडें पेंड खातें. २०२४ पासून या केंद्रांना तासाला बारा मिनिटें जाहिराती घेतां येतात आणि सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांस ७४ रुपये आहे. कागदावर हा आंकडा बरा दिसतो, परंतु डोंगरी मुलुखांत रोज बारा मिनिटें जाहिरात देणार कोण? किराणामालाचें एक दुकान आणि एक बियाण्यांचा व्यापारी! मग केंद्रचालकाची दृष्टि विद्यार्थ्यांवर जाते. 'तुम्ही शिकतां आहांत' असें म्हणून सकाळची सभा, संध्याकाळची सभा, खेड्यांतून फिरणें, सारें त्यांच्या अंगावर टाकलें जातें. शिवाय वर्गाची फी त्यांच्याकडूनच घेतली जाते. चालकहि बहुधा ओढगस्तींतच असतो, हें आम्ही विसरत नाहीं. तरीहि शिकण्याचे महिने किती आणि त्यानंतर मानधन केव्हांपासून, हें पहिल्या दिवशीं लिहून मिळालें पाहिजे. फिरण्याचा खर्च तर पहिल्या फेरीपासून. वेल्ह्याकडील मुलगा एस. टी. चें भाडें स्वतःच्या पदरचें किती दिवस घालणार?

मुलींच्या आईबापांनीं आणखी एक चौकशी करावी. संध्याकाळची सभा संपते केव्हां आणि शेवटची गाडी सुटते केव्हां? पावसाळ्यांत घाटांत दरड आली कीं ती गाडीहि नाहीं. त्या रात्रीं मुलगी राहणार कोठें, कोणाकडे, हें केंद्रानें आधीं ठरविलें पाहिजे. २०१३ च्या कायद्यानें कामाच्या ठिकाणीं स्त्रियांना लैंगिक छळापासून जें संरक्षण मिळालें, तें बिनपगारी शिकणाऱ्या मुलीलाहि आहे. केंद्रांत दहाहून कमी माणसें असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तो पत्ता भिंतीवर लावलेला असावा. केंद्राच्या सल्लागार समितींत निम्म्या तरी स्त्रिया असाव्या असें २०२४ च्या सुधारित धोरणांत आहे. त्यांतील एकीशीं तरी आईनें बोलून घ्यावें. एवढी चौकशी केल्यावर मात्र 'आमच्या घरांत असलें कोणी केलें नाहीं' हें कारण पुढें करूं नये. मुलीनें शिकविण्याची नोकरी धरली तेव्हांहि तेंच म्हटलें गेलें होतें.

हें टिपण आम्हीं त्या मुलीला पाठविलें. तिनें तें आजींना वाचून दाखविलें, आणि आजींनीं काय म्हटलें तें आम्हांस कळविलें. आजींचें माहेर विंझरचें. भोरच्या केंद्रांत बोललेलें विंझरास ऐकूं येईल का, एवढेंच त्यांनीं विचारलें. नाहीं, मधें डोंगर आहे, असें नातीनें सांगितलें. "मग तो 'पानी' म्हणणारा पोरगा कुठल्या गांवचा?" आजी म्हणाल्या. "त्याला आधीं शोधून आण."

मुलगी त्याचा पत्ता काढते आहे.