जांभळ्या रंगाचे महाकाव्य

‘एपिक’ हा शब्द आम्ही गेली अनेक वर्षे वर्गात उच्चारत आलो आहोत. आर्ष महाकाव्य, विदग्ध महाकाव्य, त्यांची लक्षणे, त्यांतील भेद इत्यादी. हाच शब्द जगभरातील लक्षावधी लोकांच्या तोंडी एका रंगाचे नाव होऊन बसला आहे, ही माहिती आम्हांला एका विद्यार्थ्याने दिली. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ब्लिझर्ड कंपनीच्या २००४ साली आलेल्या आंतरजालीय खेळात प्रत्येक वस्तूचे नाव तिच्या प्रतीनुसार रंगीत अक्षरांत दिसते. करडा म्हणजे टाकाऊ, पांढरा म्हणजे सामान्य, मग हिरवा, निळा, जांभळा आणि नारिंगी. यातला जांभळा म्हणजे ‘एपिक’ आणि त्याच्याही वरचा नारिंगी म्हणजे ‘लेजंडरी’. व्यास आणि होमर यांची मिरासदारी असलेला शब्द कापडाच्या दुकानातल्या प्रतीसारखा वापरलेला पाहून आम्हांला प्रथम हसू आले आणि नंतर थोडा रागही आला. त्या रागाच्या भरात आम्ही एक निर्णय घेतला. तो चुकला, असे आमचे आज मत आहे. हा लेख त्यासाठी आहे.

सदर विद्यार्थ्याला एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी या खेळातील वस्तूंवर लिहायचे होते. आम्ही नकार दिला. ‘हा साहित्याचा विषय नव्हे’ हे आमचे कारण. वाङ्मयेतिहास शिकवताना ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मंजुघोषा’ (१८६८) यांना ‘अद्भुतरम्य’ असे म्हणून दहा मिनिटांत वाटेला लावणारे आमच्यासारखे प्राध्यापक दुसरे काय करणार?

नकाराला काहीच आधार नव्हता, असे मात्र नाही. या खेळातील बहुसंख्य वस्तूंना कथा नसतेच. त्यांना आकडे असतात. या तलवारीने बळ इतके वाढते, त्या चिलखताने संरक्षण इतके मिळते. नवी वस्तू हाती आली की जुनीशी तिचे आकडे ताडून पाहायचे आणि जुनी विकून टाकायची. जानेवारी २००७ मध्ये ‘द बर्निंग क्रूसेड’ हा विस्तार आला, तेव्हा नव्या प्रदेशातील साध्या हिरव्या वस्तू जुन्या जांभळ्या वस्तूंना भारी ठरू लागल्या. चाळीस-चाळीस जणांनी महिनोन्‌महिने रात्री जागवून मिळवलेली ‘महाकाव्ये’ काही दिवसांत अडगळीत गेली! दरवर्षी नवा मोबाइल घ्यायला लावणाऱ्या बाजाराचेच हे रूप आहे, अशी टीका कोणी केली, तर ती आम्हांला खोडून काढता येणार नाही.

परंतु याच खेळात ‘ॲशब्रिंगर’ नावाची एक तलवार आहे. ॲलेक्झांड्रोस मोग्रेन या योद्ध्याची ही तलवार. त्याचाच मुलगा रेनॉल्ट याने तिनेच बापाला दगा देऊन ठार मारले आणि ती विटाळली. २००६ साली ‘नॅक्सरामस’ या दुर्गम गडात ती विटाळलेली तलवार खेळाडूंच्या हाती लागू शके. ती हाती धरणाऱ्याच्या कानात कुजबुजत असे. तिच्यासह ‘स्कार्लेट मोनॅस्टरी’ या मठात पाऊल टाकले की एरवी अंगावर धावून येणारे तेथील सैनिक गुडघे टेकत. आतल्या प्रार्थनागृहात रेनॉल्ट असे. तलवार तेथे पोहोचली की मृत पित्याचा आत्मा प्रकट होई आणि पुत्राचा सूड घेई. खेळाडूने काही करायचे नसे. तो केवळ तलवार घेऊन आलेला साक्षीदार!

हे आकड्यांत बसत नाही. येथे वस्तूला भूतकाळ आहे आणि तिच्या भोवतालचे जग तिला ओळखते. दुष्यंताच्या अंगठीपासून आपल्याला परिचित असलेले हे ‘अभिज्ञान’च आहे. तो गड त्या काळी फारच थोड्या खेळाडूंनी सर केला, त्यामुळे हा प्रसंग बहुतेकांनी प्रत्यक्ष अनुभवलाच नाही. त्यांनी तो ऐकला. २००८ साली त्या गडाचे जुने रूप काढून टाकले गेले, पुढे २०१२ साली मठही बदलला. प्रसंग उरला तो सांगण्यात. (मौखिक परंपरेवर आम्ही दरवर्षी चार तासिका घेतो, हे येथे नमूद करायला संकोच वाटतो.)

आता खऱ्या वादाच्या मुद्द्याकडे येतो. या खेळातील बहुतेक मोलाच्या वस्तू ‘सोलबाउंड’ असतात. म्हणजे वस्तू उचलताक्षणी किंवा अंगावर चढवताक्षणी त्या पात्राच्या आत्म्याशी बांधली जाते आणि मग ती सहसा दुसऱ्याला देता येत नाही. हे वाचताच कोणाही मराठी वाचकाला कर्णाची कवचकुंडले आठवतील. पण साम्य येथेच संपते. कवचकुंडले जन्मजात होती, शरीराचा भाग होती आणि तरीही कर्णाने ती कापून इंद्राला दिली. त्या वस्तूचे सारे वाङ्मयीन मोल त्या देण्यात आहे. ती कर्णाच्या अंगावर अखेरपर्यंत राहिली असती तर ‘अभेद्य’ हा केवळ एक आकडा ठरला असता. गांडीवाचेही तसेच. ते वरुणाचे, अग्नीने मागून अर्जुनाला दिलेले आणि महाप्रस्थानाच्या वाटेवर अग्नीच्याच सांगण्यावरून पाण्यात सोडून परत केलेले. महाभारतात वस्तू हातातून सुटते तेव्हा कथा होते. या खेळाने नेमके ते सुटणेच नियमाने बंद केले आहे. येथे कर्ण संभवत नाही.

बंदीमागे कारण आहे आणि ते क्षुल्लक नाही. वस्तू देता आली की विकताही येते. एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अर्थशास्त्रज्ञाने २००१ साली ‘एव्हरक्वेस्ट’ या अशाच दुसऱ्या खेळातील नॉरथ नामक काल्पनिक भूमीचा अभ्यास केला. तेथील वस्तू आणि नाणी खऱ्या डॉलरांत विकली जात होती. त्या भावांवरून त्याने तेथील दरडोई उत्पन्न काढले, तर ते रशियाच्या आसपास निघाले! चीनमधील घटना याहून भयंकर आहे. ‘लेजंड ऑफ मिर ३’ या खेळातील ड्रॅगनच्या नावाची एक तलवार एका खेळाडूने मित्राला उसनी दिली. मित्राने ती परस्पर ७,२०० युआनला विकली. अशा मालमत्तेला कायद्याचे संरक्षण नाही, असे पोलिसांकडून उत्तर मिळाले. शेवटी त्या खेळाडूने मित्राला भोसकून मारले. २००५ साली शांघायच्या न्यायालयाने त्याला स्थगित मृत्युदंड सुनावला. अस्तित्वात नसलेल्या पात्यासाठी खऱ्या पात्याने माणूस मेला. तेव्हा ‘हे सारे खोटेच’ असे म्हणून हात झटकणाऱ्यांनी जरा थांबावे.

तरीही आमचा आक्षेप कायम आहे. व्यापार रोखण्यासाठी दान बंद करणे हा बाजाराचा उपाय आहे, कथेचा नव्हे. ‘ॲशब्रिंगर’चा प्रसंग उभा करू शकणाऱ्या लेखकांना याहून चांगला मार्ग सुचला असता.

असो. पटावरील शास्त्र येथपर्यंत. पण खेळाडू नियमाच्या फटींतूनही काही करत असतात, हे आम्ही त्या विद्यार्थ्याच्या आराखड्यात वाचूनही ओलांडून गेलो होतो. खेळात लोहारकाम शिकता येते. लोहाराने घडवलेल्या शस्त्रावर घडवणाऱ्या पात्राचे नाव उमटते. विद्यार्थ्याच्या पेटीत अगदी सुरुवातीच्या काळातली तांब्याची एक आखूड तलवार होती. पांढऱ्या अक्षरांची, आकड्यांच्या हिशेबाने कवडीमोल. तिच्यावर ज्याचे नाव होते तो मित्र नोकरी लागल्यावर खेळणे सोडून गेला होता. पेटीत जागा मोजकीच असते. नव्या वस्तूंसाठी जुन्या काढाव्या लागतात. ही तलवार मात्र याने काढली नव्हती. आराखड्यात एक परिच्छेद तिच्यावर होता आणि त्यात एक प्रश्न होता: वस्तूचा उपयोग संपल्यावरच तिची गोष्ट सुरू होते का?

तो परिच्छेद आम्ही लाल शाईने खोडला होता. समासात आमच्यापैकी एकाच्या अक्षरात शेरा आहे: ‘व्यक्तिगत. वगळावे.’ विद्यार्थ्याने पुढे ग्रामीण कादंबरीवर नीटनेटका लघुप्रबंध लिहिला आणि त्याला प्रथम श्रेणी मिळाली. त्या प्रबंधातले एक वाक्यही आज आम्हांला आठवत नाही.