प्रतिकारशक्ती कमी नसते, ती अडवलेली असते

वस्तीत कुणाला कॅन्सर निघाला की औषधाआधी सल्ले घरात येतात. "अंगात ताकद राहिली नाही, हे चूर्ण घ्या, प्रतिकारशक्ती वाढेल." उसने पैसे काढून डबे आणले जातात आणि दवाखान्याची तारीख पुढे ढकलली जाते. आमचे स्पष्ट मत आहे की या सल्ल्याचा पायाच चुकीचा आहे.

आपल्या रक्तात टी पेशी असतात. बिघडलेल्या पेशी ओळखून मारणे हे त्यांतल्या काहींचे काम. त्यांनी आपल्याच शरीरावर हल्ला करू नये म्हणून त्यांना आवरणाऱ्या पेशीही असतात. त्यांना नियामक टी पेशी म्हणतात. जपानचे शिमोन साकागुची यांनी १९९५ साली त्या दाखवून दिल्या. २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल त्यांना अमेरिकेच्या दोन शास्त्रज्ञांसोबत याच कामासाठी मिळाले.

कॅन्सर याच व्यवस्थेचा गैरफायदा घेतो. गाठ रासायनिक संदेश सोडून या आवरणाऱ्या पेशी स्वतःभोवती गोळा करते. मग मारायला आलेल्या पेशी गाठीपर्यंत पोहोचल्या तरी हात बांधल्यासारख्या होतात. म्हणून धडधाकट, कष्टाच्या माणसाचाही कॅन्सर वाढत राहतो. "तूच खचलास" असे पेशंटला म्हणणे अज्ञान आहे, आणि अन्यायही.

चूर्णाने हे बांधलेले हात सुटत नाहीत. प्रतिकारशक्तीवरचे ब्रेक काढणारी औषधे निघाली आहेत. त्यामागच्या शोधाला २०१८ चे नोबेल मिळाले. पण ती फार महाग आहेत, सगळ्यांना लागू पडत नाहीत आणि त्यांचे दुष्परिणामही असतात. ती कुणाला द्यायची हे कॅन्सरचे डॉक्टरच ठरवतात.

आपल्या हातात आहे ती वेळ. गाठ लहान असताना सापडली तर ऑपरेशन आणि शेक यांनी बरे होण्याची शक्यता पुष्कळ जास्त असते. तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरत नसेल, पांढरा किंवा लाल चट्टा दिसत असेल, तोंड पूर्ण उघडत नसेल, स्तनात किंवा मानेत गाठ लागत असेल, तर सरकारी दवाखान्यात दाखवा. दुखत नाही म्हणून थांबू नका. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी तिथेच करा; रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवा. आणि तंबाखू, गुटखा, मिश्री आजच सोडा.

डब्याचे पैसे तपासणीला जाण्याच्या गाडीभाड्याला लावा, एवढेच आमचे सांगणे.