कच्चे अन्न : नवशिक्याने सुरुवात कोठून करावी?

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवास आंब्याची डाळ देणाऱ्या गृहिणीस "आपण कच्चा आहार देत आहात" असे कोणी सांगितले, तर तिला नवल वाटल्याशिवाय राहणार नाही. हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवावयाची, हिरवी मिरची व मीठ घालून भरड वाटावयाची, तीत कैरीचा कीस मिसळावयाचा व वरून हिंग-मोहरीची फोडणी द्यावयाची. चुलीचा संबंध काय तो त्या पळीभर फोडणीपुरता. कोकणातील दडपे पोहे हाही याच जातीचा पदार्थ होय. काकडीची कोशिंबीर, मुळ्याचा कीस, कोवळ्या मेथीची पचडी, भाकरीबरोबर बुक्कीने फोडलेला कांदा, ही तर नित्याची तोंडीलावणी. तेव्हा न शिजविलेले अन्न महाराष्ट्रातील खेड्यास मुळीच नवे नाही. नवे आहे ते त्यास सर्व रोगांवरील औषध समजून ताटातील भाकरी व आमटी हद्दपार करण्याचे वेड.

मोबाइलवर पाहिलेल्या कृतींमुळे हे वेड आता गावोगावी पोचले आहे. एक दिवस उत्साहाने वाटीभर मोड, वाटीभर कच्चा पाला व भिजविलेली सारी कडधान्ये एकत्र खावयाची, दुसऱ्या दिवशी पोट धरून बसावयाचे आणि तिसऱ्या दिवशी कोशिंबिरीसही रामराम ठोकावयाचा, असा प्रकार अनेक घरांत घडतो. यात दोष कच्च्या अन्नाचा नसून सुरुवात करण्याच्या रीतीचा आहे.

कच्च्या अन्नाचे लाभ खरे आहेत व ते कार्यकर्त्याने निःसंकोचपणे सांगावेत. क जीवनसत्त्व उष्णतेने व शिजविण्याच्या पाण्याबरोबर बरेचसे नष्ट होते. कोरड्या मुगात किंवा मटकीत हे सत्त्व जवळजवळ नसते. परंतु दाण्यास मोड आला की ते तयार होऊ लागते. मोड येताना दाण्यातील फायटेट नावाचे द्रव्यही कमी होते व त्यामुळे लोह अंगी लागण्यास मदत होते. त्यावर लिंबू पिळण्याची आपली पद्धत केवळ चवीसाठी नाही. लिंबातील क जीवनसत्त्व कडधान्यातील लोह शोषले जाण्यास साहाय्य करते. हे सारे मान्य केले तरी 'जे कच्चे ते श्रेष्ठ' हा सिद्धांत टिकत नाही. गाजरातील कॅरोटीन थोड्या तेलातुपात शिजविल्यावर अधिक चांगले अंगी लागते. धान्यातील पिष्ट तर शिजल्याखेरीज नीट पचतच नाही.

शिवाय कष्टकऱ्याचा हिशेब निराळा आहे. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठातून सुमारे ३४० उष्मांक मिळतात, तर १०० ग्रॅम काकडीतून १५ ते २० इतकेच. म्हणजे दीड-दोन भाकरींची भर काकडीने काढावयाची म्हटल्यास सुमारे दोन किलो काकडी खावी लागेल! शहरात खुर्चीवर बसून काम करणाऱ्या स्थूल गृहस्थास दिलेला सल्ला, पहाटे बारे द्यावयास गेलेल्या शेतकऱ्यास किंवा दिवसभर खुरपणी करणाऱ्या बाईस जसाच्या तसा लागू करणे हा शुद्ध अविचार होय. त्यांच्या ताटात कोशिंबीर वाढवावी. भाकरी काढून घेऊ नये.

या बाबतीत महात्मा गांधींचे उदाहरण बोधप्रद आहे. प्रिटोरिया येथे असताना १८९३ साली त्यांनी केवळ न शिजविलेल्या अन्नावर राहण्याचा प्रयोग केला. रोज काय खाल्ले व प्रकृतीवर काय परिणाम झाला याची त्यांनी नोंद ठेवली, आणि प्रकृती साथ देत नाही असे दिसताच काही दिवसांतच प्रयोग सोडून दिला. पुढे १९२९ साली साबरमती आश्रमात त्यांनी सहकाऱ्यांसह तोच मार्ग पुन्हा चोखाळून पाहिला. त्याही वेळी आमांशाने गाठल्यामुळे त्यांना तो थांबवावा लागला. त्यांची निसर्गोपचारावरील श्रद्धा यामुळे ढळली नाही. १९४६ साली पुण्याजवळ उरुळीकांचन येथे त्यांनी निसर्गोपचार केंद्र सुरू केले. परंतु आपला प्रयोग फसला हे त्यांनी दडविले नाही. आजच्या प्रचारकांत नेमका हाच गुण दुर्मिळ झाला आहे.

शेतकऱ्यास प्रयोगाची रीत शिकविण्याची वस्तुतः गरज नाही. नवे वाण आले म्हणून कोणी शहाणा शेतकरी सगळे रान त्याखाली घालीत नाही. दोन गुंठ्यांत ते पेरतो, शेजारी जुने वाण ठेवतो व मळणीनंतर निर्णय घेतो. पोटाच्या बाबतीतही हेच धोरण असावे. नेहमीचे जेवण जसेच्या तसे ठेवून त्यात एकच नवा पदार्थ, तोही प्रथम मूठभर, आठवडाभर घ्यावा. पोट फुगते काय, शौचास साफ होते काय, भूक कशी लागते, हे पाहावे. ठीक वाटल्यास प्रमाण वाढवावे किंवा दुसरा पदार्थ घ्यावा. एकाच दिवशी पाच नव्या गोष्टी खाल्ल्या, तर बाधा कशाची झाली हे कळावयास मार्ग उरत नाही. दात नसलेल्या वृद्धांसाठी सर्व काही बारीक किसूनच द्यावे. आंब्याची डाळ समारंभात वाटीभरच देतात, परातभर नव्हे, ही जुन्या गृहिणींची मोजणी विसरू नये.

प्रथम काय निवडावे? काकडी, गाजर, मुळा, बीट, टोमॅटो, कोबी यांपैकी हंगामात जे स्वस्त असेल त्याची दाण्याचे कूट व दही घातलेली कोशिंबीर ही सर्वांत निर्धोक पायरी. कुटासाठी बुरशी आलेला, काळवंडलेला किंवा कडवट शेंगदाणा कटाक्षाने काढून टाकावा. त्यात अफ्लाटॉक्सिन हे विष असू शकते व ते भिजवून, भाजून किंवा शिजवूनही पूर्णपणे जात नाही. दुसरी पायरी मोडाच्या मुगाची. मूग निवडून, तीन-चार पाण्यांनी धुऊन रात्रभर भिजवावेत. सकाळी पाणी पूर्ण निथळून स्वच्छ धुतलेल्या फडक्यात सैल बांधावेत. उन्हाळ्यात एका दिवसात मोड येतात, थंडीत अधिक वेळ लागतो. बुळबुळीत झालेले किंवा आंबूस वास येणारे मोड पुन्हा धुऊन वापरण्याचा मोह टाळावा. ते गुरांपुढेही टाकू नयेत, उकिरड्यावर टाकावेत.

मोडांविषयी थोडे अधिक सांगणे अवश्य आहे, कारण येथे अज्ञान फार आहे. ज्या ऊबेत व ओलाव्यात मोड फुटतात, त्याच ऊबेत रोगजंतूही वाढतात. दाण्यावर आधीच जंतू असतील, तर फडके कितीही स्वच्छ असले तरी ते वाढतातच. जर्मनीत २०११ साली मेथीच्या कच्च्या मोडांमधून ई. कोलाय या जंतूच्या एका घातक प्रकाराची साथ पसरली. सुमारे ४,००० लोक आजारी पडले व ५० हून अधिक मृत्युमुखी पडले. तेथील आरोग्यव्यवस्था काही सामान्य नव्हती. म्हणून लहान मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध व आजारी माणसे यांना कच्चे मोड देऊच नयेत. चांगली वाफ आणून किंवा उसळ करूनच द्यावेत. शिजविल्याने क जीवनसत्त्व काहीसे घटेल, पण ते लिंबू व पेरू यांतून सहज भरून निघते. धडधाकट प्रौढानेही ताजे मोड उकळून गार केलेल्या पाण्याने धुऊन, त्याच दिवशी व बेताने खावेत. अंगणवाडीत कच्च्या मोडांचे प्रात्यक्षिक करून तेच बालकांस वाटण्याची हौस कोणी बाळगू नये.

काही पदार्थ तर कच्चे खाण्यास वर्ज्यच आहेत. त्यांत पहिला क्रमांक राजम्याचा. चार-पाच कच्चे दाणेही उलट्या व जुलाब होण्यास पुरेसे होतात. तो भिजवून, ते पाणी फेकून देऊन, नव्या पाण्यात खळखळून उकळूनच खावा. मंद आचेवर अर्धवट शिजविलेला राजमा तर कच्च्याहून अधिक बाधक ठरू शकतो. सोयाबीन महाराष्ट्रात शेतोशेती पिकते, म्हणून ते भिजवून वाटून 'दूध' काढण्याची कृती पुष्कळांना सुचते. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन अडविणारी द्रव्ये असतात. हे दूध नीट उकळल्याखेरीज पिऊ नये. गाईम्हशीचे धारोष्ण दूधही याच यादीत घालावे लागते. जनावरांचा सांसर्गिक गर्भपात व क्षय हे रोग कच्च्या दुधातून माणसास जडू शकतात, आणि हे गोठ्यात वावरणाऱ्यांनी तरी ध्यानी ठेवले पाहिजे. अळू व सुरण यांविषयी लिहिण्याचे कारण नाही. घशाची खाज तो धडा आपोआप शिकविते.

ज्वारीची गोष्ट मात्र मुद्दाम सांगितली पाहिजे. पावसाने ताण दिलेली कोवळी ज्वारी खाऊन जनावर तडफडून पडते, हे शेतकऱ्याने पाहिलेले असते. पुष्कळ ठिकाणी यास किराळ लागणे म्हणतात. कोवळ्या पानांतील धुरीन या द्रव्यापासून पोटात हायड्रोसायनिक आम्ल हे तीव्र विष निर्माण होते. हेच धुरीन ज्वारीच्या कोवळ्या मोडातही असते. मुगास मोड आणतात तशी ज्वारी मोडवून कच्ची खाण्याची कल्पना म्हणूनच धोक्याची आहे. हुरड्याची गोष्ट वेगळी. तेथे खाल्ला जातो तो दाणा, मोड नव्हे, आणि तोही आगटीत भाजून. धान्याचे मोड हवेतच, तर नाचणीचे सत्त्व करावे. मोडवलेली नाचणी वाळवून, दळून, तिची लापशी शिजवून द्यावी. नाचणीत १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. ते मिळविण्यासाठी ती कच्ची खाण्याची गरज नाही.

याहून मोठा धोका बियाण्याच्या पिशवीत आहे. पेरणीनंतर उरलेले मुगाचे, हरभऱ्याचे किंवा मेथीचे बियाणे घरात पडून असते, आणि ते वाया का घालवावे म्हणून कोणी भिजत घालतो. पेरणीच्या बियाण्यास बहुधा थायरमसारखी बुरशीनाशके, क्वचित कीटकनाशकही चोळलेले असते. गुलाबी किंवा हिरवा रंग धुऊन गेला म्हणजे औषध गेले असे समजू नये. रंग न दिसणारे बियाणेही प्रक्रिया केलेले असू शकते. बियाणे पेरण्यासाठी व धान्य खाण्यासाठी, ही विभागणी स्वयंपाकघरात कडकपणे पाळली गेली पाहिजे, आणि हे सांगण्याचे काम पेरणीच्या हंगामातच झाले पाहिजे; विषबाधेनंतर नव्हे.

भाजीच्या बाबतीतही प्रश्न शेतातच सुरू होतो. प्रत्येक औषधाच्या माहितीपत्रकावर फवारणी व तोडणी यांमध्ये किती दिवसांचे अंतर ठेवावे ते दिलेले असते. शिजवून खावयाच्या भाजीतही ते पाळावयाचेच, पण कच्च्या खाण्याच्या भाजीत त्यास तडजोड नाही. मिठाच्या पाण्यात भाजी बुडविली की औषध उतरते, हा समज सर्वत्र आहे. पृष्ठभागावरील काही अंश त्याने किंवा साध्या वाहत्या पाण्यानेही निघतो. आंतरप्रवाही औषध मात्र पानाच्या रसातच भिनलेले असते व ते कोणत्याही पाण्याने निघत नाही. गटाराच्या पाण्यावर वाढविलेली कोथिंबीर, पालक किंवा मुळा कच्चा खाऊ नये. माणसाच्या विष्ठेतून येणारी पट्टकृमीची अंडी अशा पाल्यावर चिकटून राहतात व पोटात गेल्यास मेंदूपर्यंत पोचून झटके आणू शकतात. शौचालयाचा व कोशिंबिरीचा संबंध इतका जवळचा आहे.

या साऱ्यामुळे भिऊन कोशिंबीर बंद करावी असे मात्र कोणी समजू नये. घरच्या वापरापुरता एक वाफा परसात, मोरीच्या सांडपाण्यापासून दूर व विहिरीच्या किंवा नळाच्या चांगल्या पाण्यावर काढणे बहुतेकांस शक्य आहे. त्यात मेथी तीन-चार आठवड्यांत व मुळा सहा-सात आठवड्यांत तयार होतो. मावा दिसल्यास पाण्याचा जोरदार फवारा किंवा निंबोळी अर्क यांवर भागवावे, आणि ताजे शेणखत उभ्या पिकास न घालता पूर्ण कुजलेले खत लावणीपूर्वीच मिसळावे. वाफा पेरताना सर्व बी एकदम न टाकता आठवड्याच्या अंतराने दोन-दोन ओळी पेराव्यात. म्हणजे कोवळा पाला पुष्कळ दिवस मिळत राहतो व एकदाच ढीगभर भाजी निघून ती संपविण्यासाठी पोटावर जुलूम करण्याची वेळ येत नाही.