वळणावर बोट उचलावे लागते

‘पोरं त्या खेळात डोकं घालून बसतात, काय करावं?’ असे आयाबहिणी आम्हाला नेहमी विचारतात. उत्तर देण्याआधी आमच्याच घरात घडलेली एक गोष्ट सांगतो. तीत चूक आमची होती, हेही आधीच कबूल करतो.

२००३ सालची गोष्ट. आमचे साडू बोटीवर नोकरीला होते. सुट्टीवर येताना त्यांनी मुलांसाठी हातात धरून खेळायचे एक यंत्र आणले. त्याचे नाव गेम बॉय अ‍ॅडव्हान्स. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने ते २००१ साली बाजारात आणले होते. सोबत खेळाची एकच कॅसेट होती, ‘एफ-झीरो: मॅक्सिमम व्हेलॉसिटी’. म्हणजे कमाल वेग. खेळ भविष्यकाळातल्या शर्यतीचा. यात गाड्यांना चाकेच नाहीत, त्या जमिनीवरून तरंगत सुसाट धावतात. शर्यत पाच फेऱ्यांची. कडेला धडकलात की गाडीची शक्ती घटते. ती भरून घ्यायला रस्त्यावरच एक पट्टा असतो, त्यावरून गाडी न्यावी लागते. प्रत्येक फेरीअखेर ठरलेल्या क्रमांकाच्या आत राहावे लागते, मागे पडलात की शर्यतीतून बाद.

यंत्र दोन पेन्सिल सेलवर सुमारे पंधरा तास चाले. मात्र पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता. त्यामुळे आमची तीन आणि धाकट्या भावाचा एक अशी चार पोरे ट्यूबलाइटखाली एकमेकांच्या खांद्यावर हनुवट्या टेकून बसत.

सेल पुरवून वापरण्याची ही रीत ज्याने घालून दिली, तो माणूस कारखान्यातला होता. त्याचे नाव गुनपेई योकोई. क्योटो शहरातली निन्टेन्डो ही १८८९ पासूनची पत्ते बनवणारी कंपनी. १९६५ साली योकोई तिथे लागले ते पत्त्यांच्या कारखान्यातली यंत्रे दुरुस्त ठेवण्याच्या कामावर. रिकाम्या वेळात त्यांनी लांब होणारा एक खेळण्यातला हात बनवला. तो मालकाच्या नजरेस पडला आणि १९६६ साली बाजारात आला. पुढे आगगाडीत एक प्रवासी वेळ घालवायला कॅल्क्युलेटरची बटणे दाबताना त्यांनी पाहिला. त्यावरून १९८० साली खिशात मावणारे खेळ निघाले आणि १९८९ साली गेम बॉय.

योकोई यांचे म्हणणे साधे होते. नवे, महागडे तंत्र कशाला हवे? जे जुने झाले, स्वस्त झाले आणि ज्याची खोडी सगळ्यांना ठाऊक झाली, तेच घ्या आणि डोके चालवून नव्या कामाला लावा. त्याच वर्षी अमेरिकेत लिंक्स नावाचे रंगीत, उजेडाच्या पडद्याचे यंत्र आले होते. पण त्याला सहा सेल लागत आणि ते चार-पाच तासांतच संपत. गेम बॉयचा पडदा फिका, हिरवट, पण चार सेल कितीतरी जास्त टिकत. तो आणि त्याचा रंगीत भाऊ मिळून ११ कोटी ८० लाखांहून अधिक विकले गेले. १९९७ साली योकोई वाहन अपघातात गेले. आमच्या घरातले यंत्र त्यांच्या मागे आलेले, पण त्याच घराण्यातले. त्यातला तो भविष्यातला रस्तासुद्धा जुन्याच युक्तीने केलेला. रस्ता म्हणजे एक सपाट चित्र. यंत्र ते क्षणोक्षणी फिरवते, तिरपे करते, आणि आपल्याला वाटते की आपणच धावतो आहोत.

आता आमची चूक. पोरांनी पाळ्या ठरवल्या होत्या, प्रत्येकाची एक शर्यत. थोरली मुलगी तेव्हा सातवीत. तिची पाळी आली की कोणीतरी हाक मारी, ‘अगं, नळ आला, पाणी भर.’ ‘अगं, भावांना वाढ.’ हाक मारणारे बहुतेक वेळा आम्हीच. ती उठून जाई, तिची पाळी पुढच्याला मिळे. महिना असाच गेला. आमच्या ध्यानातही आले नाही.

एका रात्री एका अवघड वळणावर तिघे भाऊ पुन्हापुन्हा धडकत होते. ती हातात भाकरीची टोपली घेऊन मागे उभी होती. म्हणाली, ‘बटण दाबूनच का धरता? वळताना बोट उचला, मग थांबून थांबून दाबा.’ थोरला म्हणाला, ‘ताई, तुला काय कळतंय!’ तिने टोपली खाली ठेवली, यंत्र घेतले, आणि गाडी कडेला न लागता वळणातून बाहेर काढली. ती युक्ती त्या खेळाची खरी किल्लीच आहे. नाव कमाल वेगाचे, पण वळणात वेग टिकतो तो बोट उचलणाऱ्याचाच.

आम्ही विचारले, ‘तुला कोणी शिकवलं?’ ती म्हणाली, ‘मागून बघत होते ना रोज.’

त्या उत्तराने आम्ही खजील झालो. दुसऱ्या दिवशी भिंतीवर दोन कागद चिकटवले. एक खेळाच्या पाळीचा, एक पाणी भरण्याच्या पाळीचा. दोन्हींवर चारही नावे. पोरे कुरकुरली. धाकट्याने पहिल्याच दिवशी घागर सांडली. पण कागद टिकले.

आज मुलांच्या हाती मोबाईल आले आहेत. खेळ किती वेळ खेळावा याचा हिशेब घरोघरी वेगळा, तो ज्याचा त्याने करावा. आयाबहिणींना आमचे एवढेच सांगणे की मिनिटे मोजता तशा पाळ्याही मोजा. तुमच्या घरात कोणाची पाळी रोज हुकते आणि हाक कोण मारते, ते एकदा बघा. ते यंत्र अजून आमच्या कपाटात आहे. सेलचे झाकण हरवले आहे, रबर लावून चालते.