रस्ता आखण्यापूर्वी गावाला विचारा

लोकशाहीत जनतेला विचारण्याचे दोन प्रकार रूढ आहेत. निर्णय घेण्यापूर्वी विचारणे हा पहिला, आणि निर्णय घेऊन झाल्यावर विचारल्याची नोंद करून ठेवणे हा दुसरा. आपल्याकडील सार्वजनिक कामांत, विशेषतः रस्त्यांच्या बाबतीत, दुसऱ्या प्रकाराचीच चलती आहे. आराखडा कचेरीत तयार होतो, निविदा निघतात, खडीचे ढीग पडतात, आणि गावाला आपला रस्ता सुधारणार असल्याची वार्ता कळते ती रोलरच्या आवाजाने! या पद्धतीला ‘लोकसहभाग’ हे नाव देणे म्हणजे शब्दाची विटंबना आहे.

रस्त्याचे महत्त्व माहीमकरांना कुणी शिकवावे अशी परिस्थिती नाही. एके काळी माहीम हे तालुक्याचे ठिकाण होते. 1882 च्या ठाणे जिल्हा गॅझेटिअरमध्ये तालुक्याची नोंद माहीमच्याच नावाने आहे. पुढे लोहमार्गाने पालघरला जवळ केले आणि कालांतराने कचेऱ्या, बाजारपेठ व तालुक्याचे नावदेखील तिकडे गेले. दळणवळणाची एक रेघ कुठून ओढली जाते यावर गावाचे भवितव्य ठरते, हा धडा या गावाने स्वतःच्या इतिहासातून घेतला आहे. ती रेघ ओढताना त्या वेळी कुणी माहीमला विचारले नव्हते. राज्य परक्यांचे होते, त्यामुळे तक्रार करण्याचे कारणही नव्हते. आज राज्य आपले आहे, म्हणून तक्रारीला जागा आहे.

गेल्या काही वर्षांत या पट्ट्याचे रूप झपाट्याने पालटले. 2013 च्या एप्रिलमध्ये लोकलगाडी डहाणूपर्यंत धावू लागली. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला. 2019 साली पालघर तालुकाही मुंबई महानगर प्रदेशाच्या कक्षेत आणण्यात आला. बोईसर-तारापूरची कारखानदारी आधीपासून होतीच. परिणामी पालघर-माहीम काय किंवा बोईसर-तारापूर काय, जे रस्ते बैलगाडीच्या आणि एस.टी.च्या मापाने घडले, त्यांवरून आता मालवाहू ट्रक, कामगारांच्या बसगाड्या, रिक्षा आणि सुट्टीच्या दिवशी समुद्रकिनाऱ्याकडे धावणाऱ्या मोटारी जातात. सुधारणा हवी याबद्दल दुमत नाही. प्रश्न आहे तो सुधारणा कुणाच्या सोयीची, आणि ती कुणी ठरवायची, हा.

‘रस्ता रुंद करा, कोंडी सुटेल’ हे आपल्याकडचे सर्वमान्य उत्तर. ते अर्धसत्य आहे. गर्दीच्या वेळी वाढवलेली रुंदी नव्या वाहनांनी लवकरच भरून निघते, हे अमेरिकन अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी 1962 सालीच दाखवून दिले होते. शिवाय रुंद रस्ता वेग वाढवतो. सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की प्राणघातक अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. 2022 या एका वर्षात भारतात रस्त्यांवर 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली; त्यांपैकी 32 हजारांहून अधिक पायी चालणारी होती. ज्यांच्याकडे वाहनच नाही, त्यांनी वाहनांच्या सुधारणेची किंमत प्राणांनी चुकवावी, हा कुठला न्याय?

आपल्या रस्त्यावर कोण चालते ते एकदा डोळे उघडून पाहावे. डोक्यावर पाटी घेऊन निघालेली कोळीण, बिगारीच्या कामावर जाणारे वारली स्त्री-पुरुष, दप्तर पाठीला लावलेली मुले, वाडीतली पाने व भाजी बाजारात पोहोचवणारा सायकलस्वार. आराखड्यात मात्र पदपथाची रेघ असली तर असते, आणि निधी अपुरा पडला की पहिली कात्री तिलाच लागते. रस्ता ओलांडायचा कुठे, एस.टी.ची वाट पाहायची कुठे, याची उत्तरे त्या कागदावर शोधून सापडत नाहीत.

दुसरी बाब पाण्याची. हा खाड्यांचा, खाजणांचा, सखल वाड्यांचा मुलूख आहे. दरसाल दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस येथे कोसळतो, आणि ऐन पावसात भरती आली की ओहोळाचे पाणी मागे रेटले जाते. अशा जागी डांबराचे थरावर थर चढवून रस्ता उंच केला आणि मोऱ्या मात्र जुन्याच मापाच्या ठेवल्या, तर रस्ता बांध बनतो. पाणी मग पानवेलींच्या मुळाशी तुंबते, नाहीतर रस्त्यापेक्षा खाली गेलेल्या घरांच्या ओट्यावर चढते. कुठली मोरी दरवर्षी बुजते, कुठल्या वळणावर पाणी कुणीकडे कलते, हे अभियंत्याच्या उन्हाळी मोजणीत दिसत नाही. ते त्या वळणावर जन्म काढलेल्या म्हातारीला ठाऊक असते. ‘लोकांना तांत्रिक ज्ञान नसते’ हा नेहमीचा आक्षेप येथे उलटा पडतो. डांबराचा थर किती जाडीचा असावा हे अभियंत्याने सांगावे. पाणी कुठून जाते हे गावाने सांगावे. एकाचे ज्ञान दुसऱ्यावाचून अपुरे आहे.

कायदा काय सांगतो? 1966 च्या नगररचना कायद्यात प्रारूप आराखड्यावर हरकती व सूचना मागवण्याची तरतूद आहे. 2013 च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांच्या अभ्यासाची व जनसुनावणीची तरतूद आहे. अनुसूचित क्षेत्रातील गावांसाठी 1996 चा पेसा कायदा आहे. परंतु असलेल्याच रस्त्याची ‘सुधारणा’ म्हटली, की यांपैकी बहुतेक दारे आपोआप बंद होतात. शिवाय सुनावणी झाली म्हणजे म्हणणे ऐकले गेले, असेही नव्हे. वाढवण बंदराची जनसुनावणी 19 जानेवारी 2024 रोजी पालघरला झाली. तेथे मच्छीमारांनी तीव्र विरोध नोंदवला. त्याच वर्षी 30 ऑगस्टला पालघरलाच बंदराची पायाभरणीही झाली! बंदराच्या बऱ्यावाईटाचा विचार येथे करीत नाही. ऐकणे आणि मानणे यांतील अंतर दाखवणे एवढाच हेतू.

तरीही निराश होण्याचे कारण नाही. शेजारच्या वसईने हरित वसईच्या चळवळीतून नकाशा वाचायला शिकून घेतले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारख्यांनी पाणी आणि जमीन हे विषय सामान्य माणसाच्या ओसरीवर आणले. म्हणूनच 2016 साली महानगर प्रदेशाचा प्रारूप आराखडा आला तेव्हा वसईतून हजारो हरकती गेल्या, आणि आराखडा मराठीतून द्या अशी मागणी ठामपणे झाली. ज्या लोकांच्या जमिनीवर रेघा ओढायच्या त्यांच्या भाषेत त्या समजावून देणे हे राज्यकर्त्यांना सुचू नये, याहून मोठी नामुष्की ती कोणती? पुण्यात 2006 पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामे सुचवून घेण्याची प्रथा आहे. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहराने 1989 सालीच तो मार्ग चोखाळला होता.

मात्र सगळा दोष सरकारच्या माथी मारून आपली सुटका होणार नाही. ग्रामसभेला गणपूर्ती होत नाही, हे कुणाचे अपयश? रस्ता रुंद व्हावा, पण समोरच्याच्या कुंपणातून व्हावा, असे मनात धरणारे गावोगाव आहेत. गटारावर फरशी टाकून दुकान पुढे सरकवणारे, आणि गटार तुंबले म्हणून प्रथम ओरडणारेही तेच. सहभाग मागायचा तर सहभागाचा भारही उचलावा लागतो. आपापल्या जातीजमातीच्या आळीपुरते न पाहता पाड्यावरच्या माणसाचे म्हणणे त्याच पंगतीत ऐकावे लागते.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. आराखडा मराठीत, गावाच्या नकाशावर आखून, काम सुरू होण्यापूर्वी किमान तीन महिने ग्रामपंचायतीत लावावा. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या अभियंत्यांनी गावकऱ्यांसह रस्ता पायी चालून पाहावा, एकदा शाळा सुटताना, एकदा बाजाराच्या वेळी आणि एकदा भर पावसात. आधी मोऱ्या व गटारे, मग पदपथ, आणि शेवटी डांबर असा कामाचा क्रम असावा. प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर मिळावे, आणि सूचना फेटाळली तर तिचे कारण द्यावे. काम संपल्यावर खर्चाचा हिशेब ग्रामसभेत वाचला जावा. यांतली एकही मागणी अवाच्या सवा नाही, आणि एकीलाही कोट्यवधींचा निधी लागत नाही. लागते ती फक्त विचारण्याची दानत.

येणाऱ्या ग्रामसभेत हा विषय कार्यसूचीवर घ्यावा असा लेखी अर्ज प्रत्येक आळीतून जायला हवा. रोलर आल्यावर केलेली हरकत धुळीत विरते. कागद कोरा असताना बोललेला शब्दच नकाशावर उमटतो.