जाड पाय हा गुन्हा नव्हे



बाई जाड असली की तिला जिभेवर ताबा नाही, हा निकाल घरीदारी लगेच लागतो. दवाखान्यातही पुष्कळदा तोच लागतो. म्हणून लिपेडिमा या दुखण्याविषयी लिहायचे मी ठरवले.

अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या ॲलन आणि हाइन्स या डॉक्टरांनी १९४० साली त्याचे वर्णन केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत मात्र त्याला स्वतंत्र जागा मिळाली ती २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत. दुखणे जवळजवळ फक्त बायकांचे. मग उशीर का झाला, हे वेगळे सांगायला नको.

यात दोन्ही पाय सारखेच जाड होतात, कधी दंडही. चरबी घोट्यापाशी थांबते, पावले सडपातळच राहतात. दाबले की दुखते, जरा लागले की काळेनिळे होते. पाळी सुरू होताना, गरोदरपणात किंवा पाळी जाताना त्रास सुरू होतो वा वाढतो. पुष्कळदा आई-मावशीचे पायही तसेच असतात. उपास करून चेहरा ओढला जातो, पाय हटत नाहीत.

विदर्भात जाड पाय दिसला की हत्तीरोगाची शंका येते. पण हत्तीरोगात बहुधा एक पाय अधिक सुजतो आणि पाऊलही सुजते. पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी कातडी चिमटीत येते का पाहावे. लिपेडिमात ती सहसा येते. अर्थात निदान डॉक्टरांनीच करायचे. रक्त तपासून ते होत नाही. बाईला तपासून, तिचे ऐकून घेऊनच होते. आणि ऐकून घेणेच आपल्या वाट्याला कमी येते.

मुळापासून बरे करणारे औषध नाही. दाब देणारे मोजे, चालणे, पाण्यातले व्यायाम यांनी दुखणे हलके होते. वजन आटोक्यात ठेवणे हिताचेच, पण त्याने पाय बारीक होतील असे सांगून पैसे घेणाऱ्यांपासून सावध राहा. काहींना लायपोसक्शनचा उपयोग होतो. जर्मनीत २०२० पासून तीव्र अवस्थेतील स्त्रियांना त्याचा खर्च सार्वजनिक आरोग्यविम्यातून मिळू लागला. आपल्याकडे ती अजून हौसेची शस्त्रक्रिया समजली जाते.

आपल्या गटांनी आरोग्य शिबिरांत वजनकाटा पुढे सरकवण्याआधी एक प्रश्न जरूर विचारावा: पाय दुखतात का? उत्तर 'हो' आले, तर त्या बाईबरोबर एकीने डॉक्टरांकडे जावे. एकटीला हाकलणे सोपे असते, दोघींना तितके नसते.